एकाच मेंदूचे दोन अर्ध : ऑक्सिजनची टंचाई आणि ताणप्रथिनांची साक्ष

जन्मताच न रडलेल्या बाळाचे नातेवाईक डॉक्टरांना पहिल्यांदा विचारतात ते बहुधा हेच, की मेंदूला ऑक्सिजन किती वेळ मिळाला नाही. प्रश्न स्वाभाविक आहे. पण ऑक्सिजन किती कमी पडला आणि किती मिनिटे कमी पडला एवढे कळले की इजेचा हिशेब लागला, असे एक गृहीतक त्यात दडलेले असते. पुढे मांडलेले प्रकरण या गृहीतकालाच छेद देते. ते माणसाच्या बाळाचे नाही. सात दिवसांच्या, डोळेही न उघडलेल्या उंदराच्या पिल्लाचे आहे. आणि त्याचे महत्त्व असे, की त्या एकाच पिल्लाच्या मेंदूचा उजवा अर्ध डाव्या अर्धाविरुद्ध साक्ष देतो.

प्रयोगाची मांडणी १९८१ सालची आहे. प्रौढ उंदराची मानेतील एक धमनी बांधून त्याला कमी ऑक्सिजनच्या हवेत ठेवण्याची पद्धत लेव्हिन यांनी १९६० मध्येच वापरली होती. राइस, व्हॅनुची आणि ब्रायर्ली यांनी ती नवजात पिल्लासाठी बेतली. सातव्या दिवशीच्या पिल्लाचा मेंदू घडणीच्या दृष्टीने साधारण ३२ ते ३४ आठवड्यांच्या मानवी गर्भाच्या मेंदूशी जुळतो असे मानले जाते. म्हणजे पूर्ण दिवसांच्या बाळाशी तुलना करताना ही तफावत लक्षात ठेवावी लागते, आणि म्हणूनच पुढे अनेकांनी नऊ-दहा दिवसांची पिल्लेही वापरली.

पिल्लाचे वजन जेमतेम १२ ते १५ ग्रॅम, कातडी गुलाबी आणि इतकी पातळ की दूध प्यालेले असेल तर पोटातले पांढरे दूध बाहेरून दिसते. त्याला भूल देऊन गळ्यावर छोटा छेद घेतात, कॅरोटिड धमनी शोधतात, तिला लागून जाणारी व्हेगस नस हलक्या हाताने बाजूला करतात आणि धमनी रेशमी धाग्याने बांधतात. छेद शिवून पिल्लू काही वेळ आईकडे परत जाते आणि दूध पिते. त्यानंतर त्याला एका बरणीत ठेवून त्या बरणीतून फक्त ८ टक्के ऑक्सिजन आणि बाकी नायट्रोजन असे मिश्रण सोडतात. आपण घेतो त्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. मूळ प्रयोगात हा काळ साडेतीन तासांपर्यंतचा होता. बरणी ३७ अंश सेल्सियसच्या पाण्यात अर्धवट बुडवलेली असते, आणि हा तपशील वाटतो तितका किरकोळ नाही. या वयाचे पिल्लू स्वतःचे तापमान राखू शकत नाही. त्या काळात त्याचे तापमान तीन अंशांनी उतरले तर इजा होणाऱ्या पिल्लांचे प्रमाण मोठ्या फरकाने घटते, आणि सहा अंशांनी उतरले तर इजा जवळपास दिसतच नाही. तापमानाचा हा धागा शेवटी पुन्हा हाती घ्यायचा आहे.

डावी धमनी बांधली असे धरू. नुसती धमनी बांधल्याने पिल्लाच्या मेंदूला इजा होत नाही, कारण मेंदूच्या तळाशी असलेल्या धमन्यांच्या कड्यातून दुसऱ्या बाजूचे रक्त डावीकडे पोहोचते. नुसत्या ८ टक्के ऑक्सिजननेही होत नाही. दोन्ही एकत्र आले की मात्र डाव्या गोलार्धातील बाह्यक, हिप्पोकॅम्पस, स्ट्रायटम आणि त्यांच्यामधला पांढरा भाग यांची हानी होते, आणि उजवा गोलार्ध जवळपास धडधाकट राहतो. दोन्ही गोलार्धांना मिळणारे रक्त एकाच हृदयातून आलेले, सारखेच निळसर, ऑक्सिजनने सारखेच गरीब. मग फरक कशाचा? फरक प्रवाहाचा आहे. उजवीकडच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, प्रवाह वाढतो, ग्लुकोज येत राहते आणि साचणारे लॅक्टेट धुऊन निघते. डावीकडे तोंडच बांधलेले असल्याने ती वाढ होत नाही. ऑक्सिजनची टंचाई आणि रक्ताची टंचाई तिथे एकमेकींना येऊन मिळतात. वैद्यकीय भाषेत पहिलीला हायपॉक्सिया आणि दुसरीला इस्केमिया म्हणतात, आणि बोलताना या दोन शब्दांची जी सर्रास सरमिसळ होते तिने या विषयाचे बरेच नुकसान केले आहे असे माझे मत आहे.

आता ताणप्रथिनांकडे, म्हणजे संकट आल्यावर पेशी घडवते त्या प्रथिनांकडे वळू. १९९० मध्ये डोना फेरिएरो, फ्रँक शार्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पिल्लांच्या मेंदूचे पातळ काप घेऊन त्यांत एचएसपी-७२ हे प्रथिन कुठे आहे ते प्रतिपिंडाच्या साहाय्याने शोधले. अशा परीक्षणात प्रथिन जिथे असेल तिथल्या पेशी सहसा तपकिरी दिसतात, बाकीचा काप फिकट राहतो. रंग चढला तो धमनी बांधलेल्या बाजूच्या चेतापेशींत. उलट बाजूच्या गोलार्धाने तेवढाच वेळ तेवढाच कमी ऑक्सिजन सोसला होता, तरी तिथे तो रंग नव्हता. ऑक्सिजनच्या टंचाईचे म्हणून ओळखले जाणारे ताणप्रथिन नुसत्या ऑक्सिजनच्या टंचाईने तयार झालेच नाही. पुढचे सारे विवेचन या एका निरीक्षणाभोवती फिरते.

नावांविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण या क्षेत्रातील आकडे वाचकाला हैराण करतात. एचएसपी म्हणजे हीट शॉक प्रोटीन आणि पुढचा आकडा म्हणजे रेणुभार, किलोडाल्टनमध्ये. ७० च्या कुटुंबात एक भावंड पेशीत एरवीही मुबलक असते आणि रोजचे घरकाम सांभाळते. दुसरे, म्हणजे एचएसपी-७२, निरोगी चेतापेशीत जवळपास नसते आणि संकट आल्यावरच घडवले जाते. लेखांमध्ये या दुसऱ्यालाच कुठे एचएसपी-७० तर कुठे एचएसपी-७२ म्हटलेले आढळते. इथेही पुढे एचएसपी-७० असे लिहिले आहे तिथे संकटात घडणारे प्रथिनच अभिप्रेत आहे.

हे नाव उष्णतेवरून पडले तो इतिहास या प्रकरणाला उपयोगी आहे. इटलीत फेरुच्चो रितोसा फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथींतील मोठ्या गुणसूत्रांचा अभ्यास करत होते. इन्क्युबेटरचे तापमान वाढलेले राहिले आणि गुणसूत्रांवर काही ठरावीक जागी फुगवटे आलेले त्यांना दिसले. फुगवटा म्हणजे तिथली जनुके जोमाने वाचली जात असल्याची खूण. हे निरीक्षण १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्या जनुकांची प्रथिने १९७४ मध्ये तिस्सिएर व सहकाऱ्यांनी दाखवली. परंतु रितोसांना तेव्हाच असे आढळले होते की, तेच फुगवटे डायनायट्रोफेनॉल या रसायनानेही येतात, आणि हे रसायन पेशीची ऊर्जानिर्मिती बिघडवते. म्हणजे ‘उष्णतेचे प्रथिन’ हे नाव जन्मापासूनच अपुरे होते. पेशीला तापमापकही कळत नाही आणि ऑक्सिजनची टक्केवारीही. तिला कळते ते एवढेच की आपली प्रथिने बिघडू लागली आहेत.

प्रथिन हे अमिनो आम्लांच्या साखळीची नेमकी घडी असते. ऊर्जा संपली, आम्लता वाढली, कॅल्शियम आत घुसले, मुक्तमूलकांचा मारा झाला की या घड्या विस्कटतात आणि आत दडलेले चिकट भाग उघडे पडून साखळ्या एकमेकींना चिकटू लागतात. एचएसएफ-१ हा जनुके जागवणारा घटक एरवी एचएसपी-९० आणि एचएसपी-७० यांच्याच पकडीत निपचित असतो. बिघडलेल्या प्रथिनांची रास वाढली की ही रखवालदार प्रथिने तिकडे धावतात, एचएसएफ-१ मोकळा होतो, त्याचे तीन रेणू एकत्र येतात, केंद्रकात जातात आणि ताणप्रथिनांची जनुके सुरू होतात. संकटात घडणाऱ्या एचएसपी-७० च्या जनुकात मधले निरर्थक तुकडे नसतात. त्यामुळे संदेश कापून जोडण्याची पायरी वाचते आणि काम लवकर होते. उजव्या गोलार्धात ही साखळी सुरू का झाली नाही हे आता लक्षात येते. तिथे ऑक्सिजन कमी होता, पण ग्लुकोज येत असल्याने ऊर्जा पुरती ढासळली नाही, आणि रखवालदारांना मूळ कामावरून हलवण्याइतकी प्रथिने बिघडली नाहीत.

यावरून तपकिरी रंग म्हणजे इजा, असे समीकरण मांडावेसे वाटेल. पण ते तितकेच चुकीचे ठरेल. इजेचा गाभा आणि तिचा काठ वेगळे पाहावे लागतात. १९९० च्या दशकात शार्प यांच्या गटाने प्रौढ उंदरांतील पक्षाघाताच्या प्रयोगांत दाखवलेला क्रम असा आहे : जिथे रक्तप्रवाह पूर्ण ढासळतो त्या गाभ्यात चेतापेशींमध्ये एचएसपी-७० दिसत नाही, ते उरते फक्त रक्तवाहिन्यांच्या अस्तरात, कारण त्या पेशी जास्त चिवट असतात, गाभ्याच्या भोवतालच्या पट्ट्यात मात्र चेतापेशी रंगतात. गाभ्यातील पेशींना संकट कळले नव्हते असे नाही. प्रथिन घडवायला ऊर्जा लागते, रायबोसोम चालू असावे लागतात, आणि नेमके तेच बंद पडलेले असतात. थॅडियस नोवाक यांनी जर्बिल या उंदरासारख्या छोट्या प्राण्याच्या मेंदूवर केलेल्या कामात याची फार बोलकी नोंद आहे : हिप्पोकॅम्पसच्या सीए-१ या नाजूक पट्ट्यात एचएसपी-७० चा संदेश-आरएनए भरपूर होता आणि रेंगाळतही होता, पण त्यापासून प्रथिन नीट तयार झाले नाही, आणि त्या पेशी पुढे मेल्या. हुकूम सुटला, अंमलबजावणी झाली नाही.

म्हणून तपकिरी पेशी सांगते ती गोष्ट दुहेरी आहे : मला मार बसला, आणि उत्तर देण्याइतकी मी जिवंत होते. पूर्ण निरोगी पेशी रंगत नाही आणि पूर्ण हरलेली पेशीही रंगत नाही. एका गोलार्धाचा लगदा करून त्यातील एचएसपी-७० किती वाढले असा एकच आकडा देणारे शोधनिबंध मी त्यामुळे सावधपणे वाचतो. गाभ्यातील अभाव आणि काठावरची रेलचेल यांची सरासरी काढली की उरते ती संख्या मेंदूच्या कुठल्याच जागेची नसते.

नवजात मेंदूच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. इयन ब्राउन यांच्या टोरांटोतील गटाने उंदराच्या मेंदूत दाखवले की जन्मानंतरच्या दिवसांत एचएसएफ-१ ची पातळी हळूहळू चढत जाते. हुकूम देणारा घटकच जन्माच्या सुमारास कमी असतो. दुसरीकडे अपरिपक्व मेंदूत हायड्रोजन पेरॉक्साइड निकामी करणारी विकरे अपुरी असतात, आणि पेशीच्या आत्मनाशाची यंत्रणा मात्र प्रौढ मेंदूपेक्षा तत्पर असते, कारण घडणीच्या काळात जादा चेतापेशी काढून टाकण्यासाठी तिचीच गरज असते. पिल्लाच्या मेंदूत कॅस्पेज-३ हे आत्मनाशाचे विकर प्रौढाच्या तुलनेत कितीतरी अधिक सक्रिय होते आणि त्याचा जोर इजेनंतर साधारण एका दिवसाने दिसतो. एचएसपी-७० चा संदेश काही तासांत तयार होतो, पण प्रथिन भरपूर साठायला जवळपास तेवढाच, म्हणजे एका दिवसाच्या आसपास वेळ लागतो. संरक्षक आणि मारेकरी दोघेही एकाच गाडीने येतात, असे म्हटले तरी चालेल.

मग संरक्षक आधीच हजर असेल तर? हा प्रश्न मात्सुमोरी, फेरिएरो आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये थेट तपासला. ज्यांच्या मेंदूत एचएसपी-७० मुळातच जास्त बनते अशा जनुकबदल केलेल्या सात दिवसांच्या मूषकपिल्लांवर (इथे उंदराची लहान जात, इंग्रजीतला ‘माउस’) त्यांनी हाच धमनी बांधण्याचा आणि कमी ऑक्सिजनचा प्रयोग केला. सामान्य भावंडांपेक्षा या पिल्लांची इजा कमी निघाली. कारण शोधताना प्रथिनांच्या घड्या सरळ करण्याच्या प्रसिद्ध कामापेक्षा वेगळेच काही हाती लागले : एचएसपी-७० ने एआयएफ या प्रथिनाला पेशीद्रवातच धरून ठेवले होते. एआयएफ मायटोकॉन्ड्रियात असते तोवर निरुपद्रवी असते. बाहेर पडून केंद्रकात पोहोचले की डीएनएचे तुकडे होण्यास कारण होते. पुढच्याच वर्षी त्याच गटाने दाखवले की एचएसपी-७० हे आत्मनाशाची साखळी सुरू करणाऱ्या अपाफ-१ या प्रथिनालाही जखडते, त्यामुळे कॅस्पेज-९ हे आत्मनाशाचे दुसरे विकर जागे होण्याची वाट अडते. मोडलेले दुरुस्त करणे, हे या प्रथिनाचे एक काम झाले. मोडतोड करणाऱ्यांना दारातच अडवणे हे दुसरे, आणि नवजात मेंदूत कदाचित तेच अधिक मोलाचे आहे.

इथे वाचकाला उपाय सापडल्यासारखे वाटेल, आणि म्हणूनच प्रकरणातील सर्वांत गैरसोयीचा पुरावा इथे मांडायला हवा. १९९४ मध्ये गिडे आणि सहकाऱ्यांनी पिल्लांना धमनी बांधण्याच्या आदल्या दिवशी तीन तास नुसत्या ८ टक्के ऑक्सिजनमध्ये ठेवले, बाकी काही केले नाही. दुसऱ्या दिवशीच्या खऱ्या आघातातून ही पिल्ले जवळजवळ पूर्ण वाचली. आदल्या दिवशीची ती टंचाई म्हणजे आपल्या प्रकरणातील उजव्या गोलार्धाची स्थिती; आणि उजव्या गोलार्धात एचएसपी-७२ दिसले नव्हते, हे आपण पाहिलेच. तर मग मेंदू कशाने वाचला? नंतरच्या कामांतून जे पुढे आले ते असे की ऑक्सिजनची टंचाई ओळखणारा खरा घटक दुसराच आहे, त्याचे नाव एचआयएफ-१. पुरेशा ऑक्सिजनमध्ये तो घडताच मोडीत निघतो आणि ऑक्सिजन कमी झाला की टिकून राहतो. त्याच्या हुकमाने ग्लुकोज पेशीत आणणारी वाहक प्रथिने, ग्लुकोज ऑक्सिजनविना वापरणारी विकरे आणि रक्तवाहिन्या वाढवणारा व्हीईजीएफ हा घटक तयार होतो. शिवाय अशा पिल्लांच्या मेंदूत ग्लायकोजेनचा साठा वाढलेला आढळला, ज्याच्या जोरावर दुसऱ्या दिवशी ऊर्जा उशिरा ढासळली. ताणप्रथिने म्हणजे आग लागल्यावर घर वाचवणारी फौज असेल, तर हे म्हणजे आगीपूर्वी घरात भरून ठेवलेले पाणी. दोन्ही गोष्टींना ‘ताणाला दिलेला संरक्षक प्रतिसाद’ असे एकच नाव देऊन टाकले की त्यांच्या वेगळ्या वाटा झाकल्या जातात.

उष्णतेच्या वाटेनेही प्रयत्न झाले. पिल्लांना आदल्या दिवशी थोडा वेळ तापवले तर पुढच्या आघातात त्यांचा मेंदू अधिक टिकतो, असे १९९० च्या दशकाच्या अखेरीस जपानमधील प्रयोगांत दिसले, आणि तिथे ताणप्रथिनांचा वाटा असणे सुसंगत आहे. मात्र तीच उष्णता आघाताच्या वेळी किंवा नंतर दिली तर इजा वाढते. माणसाच्या बाळांतही जन्मावेळी गुदमरल्यानंतर ज्यांचे तापमान चढलेले राहिले त्यांची पुढची स्थिती अधिक वाईट निघाल्याचे थंडाव्याच्या उपचाराच्या अमेरिकी चाचणीतील नोंदींवरून दिसले आहे. जे आदल्या दिवशी औषध होते तेच दुसऱ्या दिवशी विष ठरावे, इतका इथे वेळेचा प्रभाव आहे.

प्रसूतिगृहात आदला दिवस कुणाच्या हाती नसतो. बाळाच्या मेंदूला आधीच सराव देता येत नाही आणि जिवंत बाळाच्या मेंदूचा काप घेऊन तपकिरी पेशी मोजता येत नाहीत. उरते ते आघात आणि पेशींचा प्रत्यक्ष मृत्यू यांच्यामधले अंतर. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ऑस्मंड रेनॉल्ड्स यांच्या गटाने १९८० च्या दशकात गुदमरलेल्या बाळांच्या मेंदूतील ऊर्जावाहक फॉस्फेटे चुंबकीय अनुनादाने मोजली. जन्मानंतर थोड्याच वेळात ती बऱ्याचदा ठीक भासत आणि काही तासांनी, पुढच्या एक-दोन दिवसांत, पुन्हा ढासळत. या मधल्या शांत काळातच काय ते करायचे, या समजुतीतून थंडाव्याचा उपचार आला : जन्मानंतर सहा तासांच्या आत सुरुवात, शरीराचे तापमान ३३ ते ३४ अंशांवर, ७२ तास, आणि मग सावकाश ऊब. २००५ आणि २००९ मधील मोठ्या चाचण्यांनंतर श्रीमंत देशांत तो रूढ झाला. पिल्लाच्या बरणीभोवतालच्या पाण्याचे तापमान इतके काटेकोर का राखावे लागते, याचे हेच दुसरे टोक. थंडाव्याने प्रथिनांची मोडतोडच मंदावते. ताणप्रथिनांवर कामाचा बोजा पडण्याआधीच तो हलका होतो.

आपल्याकडची गोष्ट इथेच निराळी वळते. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील सात रुग्णालयांत ४०८ बाळांवर झालेल्या ‘हेलिक्स’ या चाचणीत, जिच्यात मुंबईचे शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालयही सहभागी होते, थंडाव्याने मृत्यू आणि अपंगत्व यांचे एकत्रित प्रमाण घटले नाही. उलट थंड केलेल्या गटात मृत्यू ४२ टक्के आणि दुसऱ्या गटात ३१ टक्के होते. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. या बाळांच्या एमआरआयमध्ये मेंदूच्या पांढऱ्या भागाची इजा बरीच दिसली, आणि संशोधकांनी पुढे केलेल्या स्पष्टीकरणांपैकी एक असे की इथल्या अनेक बाळांत टंचाई एकाएकी न येता प्रसूतीपूर्वीपासून थोडी थोडी आणि दीर्घकाळ चाललेली असावी. तसे असेल तर सहा तासांचे घड्याळ जन्मक्षणापासून लावणे म्हणजे शर्यत बरीच पुढे गेल्यावर ते सुरू करणे होय, आणि त्या वेळी मेंदूचे किती भाग उजव्या गोलार्धासारखे उरले आहेत, किती काठावर आहेत आणि किती गाभ्यात जमा झाले आहेत, हे अतिदक्षता विभागातील काचपेटीबाहेर उभ्या असलेल्या डॉक्टराला सांगणारी कोणतीही तपासणी पहिल्या सहा तासांत बाळाच्या उशाशी उपलब्ध नसते. हातात असते ती नाळेच्या रक्ताची आम्लता, जन्मताच बाळाची अवस्था पाहून दिलेले अ‍ॅपगार गुण, बाळाच्या हालचाली आणि झटके, आणि सोय असेल तिथे मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख.